वारमास्तरांची रविवारची हजेरी

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले तर मी वारमास्तरांचे नाव घेतो. आईवडिलांच्याही आधी. आईला हे ठाऊक आहे आणि तिला त्याचे वाईट वाटत नाही. ती म्हणते, "बरोबरच आहे. मी इथं आनेकलात बसून काय करणार होते?"

वारमास्तर हे त्यांचे खरे नाव नव्हे. खरे नाव छापलेले त्यांना आवडणार नाही, म्हणून लिहीत नाही. ते मास्तरही नव्हते. सर्व्हे ऑफिसात नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन होते. पण शहरात शिकायला आलेल्या गरीब मुलांच्या जेवणाचे वार तेच लावून देत, म्हणून मुलांनी त्यांना मास्तर करून टाकले होते. सोमवारी एका घरी दोन्ही वेळचे जेवण, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे करत आठवड्याची सात घरे. ही रीत आमच्यात जुनी. कानडीत तिला वारान्न म्हणतात. बंगळूरच्या पेटांमध्ये, म्हणजे पेठांमध्ये, आमच्या बोलीची घरे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली होती आणि त्यांतल्या कुठल्या घरात कुठल्या वारी एक पान जास्त मांडता येईल, हे त्या घरच्या बायकांच्या आधी मास्तरांना ठाऊक असे. मी होतो तेव्हा आम्ही अकरा मुले होतो. अकरा मुले, सात वार, म्हणजे सत्त्याहत्तर पाने. ऑफिस सांभाळून हा माणूस ही सत्त्याहत्तर पाने सांभाळत होता, आणि स्वतः एकाही घरी जेवत नव्हता.

ते उंच आणि किडकिडीत होते. डोक्याला काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, खाली धोतर, आणि पायांत कॅनव्हासचे पांढरे बूट. हे बूट ते दर शनिवारी खडू लावून पांढरे करीत. सायकल त्यांना येत नव्हती, बसमध्ये ते बसत नसत. सगळे शहर पायी फिरत. नकाशे काढून काढून त्यांना रस्ते पावलांत दिसू लागले होते. चामराजपेटहून गांधीबाजार किती लांब, असे कोणी विचारले तर म्हणत, "दोन हजार सहाशे पावलं. माझी. तुमची स्वल्प जास्त होतील."

कोणाच्याही घरी गेले तरी ते उंबऱ्याबाहेर उभे राहत. आत बसत नसत. बंगळूरच्या घरात पाहुण्याने कॉफीला नाही म्हणणे म्हणजे भांडण उकरून काढण्यासारखे असते. मास्तरांनी त्यावर स्वतःची युक्ती काढली होती. पेला हातात घ्यायचा, नाकाशी धरायचा, "छान झालीय, अक्का," म्हणायचे आणि बाजूच्या मुलाला देऊन टाकायचा. माझ्या आयुष्यातली पहिली चांगली कॉफी मी अशी मास्तरांनी हुंगलेली प्यालो.

आम्हा मुलांना ते अहो-जाहो करीत. पंधरा-सोळा वर्षांच्या पोरालाही 'तुम्ही'. किट्टूने एकदा कारण विचारले. किट्टू म्हणजे माझा खोलीतला सोबती. मूळचा कोलारचा, डॉक्टरकी शिकत होता आणि त्याच्या जिभेला हाड नव्हते. मास्तर म्हणाले, "दुसऱ्याच्या घरी जेवणाऱ्या मुलाला सगळं गाव अरे म्हणतं. एकानं तरी अहो म्हणावं."

त्यांचे तीन नियम होते. एका मुलाचा एका घरी आठवड्यातून एकच वार. घरात सोयर-सुतक, आजार, परगावी जाणे अशी अडचण असली तर त्या दिवशी सरळ मास्तरांच्या खोलीवर जेवायला यायचे. आणि दर रविवारी सकाळी आठ वाजता खोलीवर हजेरी.

ती खोली कॉटनपेटेत एका बांगड्यांच्या दुकानाच्या वर होती. भिंतीवर कापडाला चिकटवलेला मोठा तक्ता असे. जुन्या नकाशाच्या पाठीवर मास्तरांनी तो सुबक अक्षरांत लिहिला होता. घरमालकांची नावे त्यात नव्हती. 'कडुनिंबाचे घर', 'हिरवे फाटक', 'दोन पायऱ्या', अशी घरे आणि त्यांखाली मुलांची नावे. माझी शाळा कानडी. मराठी घरात बोलत होतो, वाचता येत नव्हते. त्या तक्त्यावर मी मराठी वाचायला शिकलो.

हजेरीला मास्तर अभ्यासाचे विचारत नसत. प्रकृतीचेही नाही. विचारत ते एवढेच, की आठवड्यात काय काय जेवलात.

"सोमवारी?"

"वरण, भात, दोडक्याची भाजी, ताक."

"भाजीत खोबरं?"

"होतं."

"सरी. मंगळवारी?"

मास्तरांचे 'सरी' म्हणजे कानडी 'ठीक'. असे सातही वार. मग पुढचा मुलगा. अकरा मुलांची हजेरी आटोपायला तास-दीड तास लागे. किट्टू म्हणायचा, मास्तर तोंडानं दिवसातून एकदा जेवतात आणि कानानं सत्त्याहत्तर वेळा. कुठले घर कंजूस आहे, कुठे तूप वाढत नाहीत, याचा ते छडा लावतात, असे आम्हांला वाटे. एका म्हाताऱ्या माणसाचे वेड म्हणून आम्ही ती हजेरी देत असू. तिचा अर्थ मला कळला तो फार वाईट रीतीने.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. नव्या राज्याची रचना नुकतीच झाली होती आणि शहरात जिकडेतिकडे नव्या कचेऱ्या, नव्या नोकऱ्या यांच्याच गोष्टी चालत. शिकलेल्या मुलाला काही कमी पडणार नाही, असे सगळे म्हणत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नव्हते. वडील आनेकलला कापडाच्या दुकानात गजाने कापड मोजून देत. पहिल्या वर्षाच्या परीक्षेत मला पहिला वर्ग मिळाला. त्या आठवड्यात सातही घरांत माझ्यासाठी गोड केले. आणि प्रत्येक घरात कोणीतरी आल्यागेल्याला सांगितले, "आमच्याकडे जेवून मुलगा पहिल्या वर्गात आला." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण तो पहिला वर्ग असा सात घरांत वाटला गेला आणि माझ्या वाट्याला काही उरले नाही.

त्यानंतर मला काय झाले ते आजही नीट सांगता येत नाही. नापास झालेला मुलगा खचतो, हे लोकांना समजते. मी पास झालो होतो. वर्गात मागच्या बाकावर बसत होतो, इंग्रजी व्याख्यान कानावरून जात होते, आणि हे सगळे कशासाठी, या प्रश्नापाशी येऊन मी थांबत होतो. मला सगळे देत होते. अन्न, पुस्तके, जुने सदरे, आशीर्वाद. माझ्याकडून कोणाला काही नको होते. मी फक्त कृतज्ञ राहायचे. रोज नव्या घरी, नव्या माणसांसमोर, पोटभर जेवून बरे वाटल्याचा चेहरा करायचा. उद्या मी नसलो तर सात घरांत आठवड्यातून एकदा एक पान कमी मांडले जाईल, आणखी काय, असे मला वाटू लागले. मला जगायची इच्छा उरली नव्हती. हे वाक्य आज मी सरळ लिहितो. तेव्हा ते मला स्वतःशीसुद्धा म्हणता येत नव्हते.

एका शुक्रवारी मी जेवायला गेलो नाही. ठरवून नव्हे. पाय त्या रस्त्याला वळले नाहीत आणि मी केंपांबुधी केरेच्या, म्हणजे तळ्याच्या, बांधावर जाऊन बसलो. पुढच्या शुक्रवारी गेलो तेव्हा त्या घरच्या काकूंनी वाढता वाढता विचारले, मागच्या शुक्रवारी कुठं बोलावणं होतं वाटतं? मी हो म्हणालो. त्या हसल्या आणि भात वाढला.

त्यात त्यांची काही चूक नव्हती. पण मला एक गोष्ट कळली, आणि ती कळायला नको होती. मी कुठल्याही घरी गेलो नाही तरी त्या घराला वाटणार, बाकीची सहा घरे आहेतच. सात घरी जेवणाऱ्या मुलाला कोणी लागोपाठ दोन दिवस पाहतच नाही. मग मी सोमवार सोडला. मग बुधवार. तीन आठवड्यांत मी सात-आठ वेळाच पोटभर जेवलो असेन. बाकी शेंगदाणे, केळी आणि नळाचे पाणी. किट्टूची रुग्णालयात पाळी असे, त्यामुळे त्याच्या लक्षात आले नाही. संध्याकाळी मी बांधावर जाऊन बसायचो आणि पाण्याकडे बघत राहायचो. पोट हलके होत गेले तसतसे मनही हलके झाल्यासारखे वाटू लागले, आणि ते मला बरे वाटत होते. त्याचीच आज भीती वाटते.

रविवारी मात्र मी हजेरीला नेमाने जात होतो. न गेलो तर मास्तर शोधत आले असते. कुठल्या घरी कुठल्या दिवशी साधारण काय करतात हे दीड वर्षात पाठ झाले होते. मास्तर विचारत आणि मी सांगत जाई. भाजीत खोबरे होते का, तेही सांगे.

तिसऱ्या आठवड्यातली ती हजेरी. माझा नंबर चौथा होता. सोमवार, मंगळवार, बुधवार झाले.

"गुरुवारी?" मास्तरांनी विचारले.

"हुळी, भात, कोसंबरी. आणि शेवयांचं पायस."

शेजारी बसलेल्या किट्टूने माझ्या पायावर पाय दाबला. मला कळले नाही. मास्तरांनी मान वर केली नाही.

"पायस," ते म्हणाले. "गूळ घातलेलं की साखर?"

"साखर."

"सरी. शुक्रवारी?"

खोलीत कोणी हलत नव्हते. माझ्याखेरीज सगळ्यांना काहीतरी ठाऊक होते आणि मी शुक्रवार, शनिवार सांगत होतो. माझे झाल्यावर त्यांनी पाचव्या मुलाला विचारले. मग सहाव्या. नेहमीसारखेच, एकेक वार, एकेक पदार्थ. अकराव्या मुलाची हजेरी संपेपर्यंत ते माझ्याकडे बघितलेसुद्धा नाहीत. तो अर्धा-पाऊण तास मी आयुष्यात विसरणार नाही. किट्टूकडे पाहिले तर तो तक्त्याकडे पाहत होता. शेवटी मास्तर म्हणाले, "सगळे जा." मग माझ्याकडे वळले. "तुम्ही थांबा."

मुले जिना उतरून गेली.

"गुरुवारच्या घरचे आजोबा बुधवारी वारले," ते म्हणाले. "मी खांदा दिला. सुतकाच्या घरात गुरुवारी तुम्हाला पायस कोणी वाढलं?"

मी तक्त्यावरच्या गुरुवारच्या रकान्याकडे पाहिले.

"अडचण असली की इथं यायचं, हा नियम. गुरुवारी मी तुमच्यासाठी भात टाकला. सकाळी टाकला, संध्याकाळी पुन्हा टाकला. तुम्ही आला नाहीत. शुक्रवारी तुमच्या कॉलेजच्या फाटकाशी उभा राहिलो. तुम्ही दिसलात, चालत होतात. तेव्हा हाक मारायला पाहिजे होती. मी म्हटलं, रविवारी हा स्वतःच्या तोंडानं सांगेल. ते चुकलं माझं. किती दिवस जेवला नाहीस?"

'जेवला नाहीस.' दीड वर्षात पहिल्यांदा त्यांनी मला एकेरी हाक दिली. मी रडलो नाही. मला खूप झोप आल्यासारखे झाले. तीन आठवडे, एवढे मी सांगितले. आणि मला आता काहीच करावेसे वाटत नाही, घरी जावेसे वाटत नाही, इथे राहावेसे वाटत नाही, असेही काहीतरी बोललो. कशाचेही कारण मला देता आले नाही. त्यांनी ते मागितलेही नाही. कोनाड्यातून गूळ आणि शेंगदाणे काढून माझ्या हातावर ठेवले, मी ते खाईपर्यंत समोर उभे राहिले, मग छत्री घेतली आणि म्हणाले, "चल."

त्या रविवारी ते मला माझ्या सगळ्या घरी घेऊन गेले. ऊन कडक होते. मास्तर छत्री माझ्यावर धरून स्वतः उन्हात चालत होते आणि नेहमीसारखी पावले मोजत नव्हते. पहिले सोमवारचे घर. उंबऱ्याबाहेर उभे राहून त्यांनी घरच्या माणसाला विचारले, "हा मुलगा तीन आठवडे नीट जेवला नाही. तुम्हाला कळलं का?"

मला धरणी पोटात घेईल तर बरे, असे झाले. ते गृहस्थ गोंधळले. म्हणाले, दोन सोमवार दिसला नाही खरा, पण आम्हांला वाटले गावाला गेला असेल. मास्तरांनी नमस्कार केला आणि पुढे निघाले. दुसऱ्या घरी तोच प्रश्न. त्यांना वाटले होते परीक्षा असेल. शुक्रवारच्या काकूंना वाटले होते बोलावणे असेल. एकही माणूस खोटे बोलत नव्हता. प्रत्येक घरातून बाहेर पडताना मास्तरांचा चेहरा आणखी उतरत होता, आणि माझ्या लक्षात आले, की हा माणूस मला शिक्षा करायला फिरवत नाही. ते स्वतःचा तक्ता तपासत होते.

गुरुवारच्या घरासमोर आम्ही थांबलो, आत गेलो नाही. फाटक बंद होते. मास्तर हलक्या आवाजात म्हणाले, "आजोबांना तू दर गुरुवारी पेपर वाचून दाखवायचास ना?"

वाचायचो. जेवण झाल्यावर पाच-दहा मिनिटे. त्यांना मोतीबिंदू होता. मला ते काम वाटलेच नव्हते.

"मुलगा सांगत होता स्मशानात. आधीचे दोन गुरुवार त्यांनी पेपर घडी करून उशाशी ठेवला. कोणाला वाचू दिला नाही. आनेकलचा येईल, म्हणाले."

मी फाटकाचा गज धरून खाली बसलो. तेव्हा मात्र रडलो. मास्तर बाजूला छत्री धरून उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्याने विचारले तर, "काही नाही, स्वल्प ऊन लागलं," असे सांगत राहिले.

शेवटचे घर मंगळवारचे. तिथल्या अक्का पन्नाशीच्या, गल्लीत दरारा असलेल्या. मास्तरांनी प्रश्न विचारला. अक्कांनी माझा हात धरून मला आत ओढले, पाटावर बसवले, पान वाढले, आणि मग कमरेवर हात ठेवून उंबऱ्याबाहेरच्या मास्तरांकडे वळल्या. मास्तरांना त्या कानडीतल्या मानाने रायरु म्हणत.

"मला काय विचारता, रायरु? मंगळवारचा मी बघितला. बुधवारचा मला कसा कळणार? मुलाचे तुम्ही सात तुकडे केलेत आणि सात घरी दिलेत. अख्खा कोणी बघायचा?"

"एका घरावर ओझं पडू नये म्हणून, अक्का," मास्तर म्हणाले.

"ओझं," अक्का म्हणाल्या. "तुमच्या पावलांनी मोजलंत वाटतं ते?"

मास्तरांनी टोपी काढली, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकले आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसले. अक्कांनी ताकाचे भांडे मास्तरांपुढे ठेवले आणि मास्तर ते न हुंगता प्यायले.

पुढच्या रविवारी हजेरी झाली, पण तक्ता तोच होता. मास्तरांनी आपली पद्धत बदलली नाही, चूक झाली असेही कोणापुढे म्हणाले नाहीत. फक्त मला एक काम लावून दिले. रोज संध्याकाळी बाकीच्या दहाही मुलांना एकदा डोळ्यांनी पाहून यायचे. बोललेच पाहिजे असे नाही. पाहायचे, आणि जाताना कॉटनपेटेच्या खोलीत डोकावून "दहा" असे सांगायचे. नऊ झाले तर दहावा सापडेपर्यंत फिरायचे. आमची पुन्हा अहो-जाहो सुरू झाली.

पहिला महिना मी ते काम केवळ आज्ञा म्हणून केले. मुले माझी थट्टा करीत. किट्टू मला लांबून पाहून ओरडायचा, जिवंत आहे रे, लिहून घे. बरे वाटले असे मी म्हणणार नाही. एखाद्या दुपारी ती पोकळी होती तशीच पुढ्यात येऊन बसायची. पण पाच वाजले की उठावे लागे, कारण मी गेलो नाही तर मास्तर जिन्याच्या तोंडाशी उभे राहणार हे ठाऊक होते. पुढे एकदा तळेगल्लीतल्या खोलीत एक नवा मुलगा आदल्या रात्रीपासून तापात पडलेला मला सापडला. त्याच्या त्या वारच्या घराला वाटले होते तो दुसरीकडे जेवत असेल. मी त्याच्या कपाळावर हात ठेवला आणि त्याने डोळे उघडून मला विचारले, "आज इतका उशीर का केलात?" तो मला अहो म्हणाला, ते मला फार दिवस पुरले.

पोकळी गेली का, असे मला पुढे काही तरुण मुलांनी विचारले आहे. मी त्यांना खरे तेच सांगतो. ती गेली नाही. पण तिला घेऊन मी रोज दहा घरांवरून चालत गेलो आणि त्या चालण्यात माझी पदवी झाली.

एका गोष्टीचा उलगडा मला शेवटच्या वर्षी झाला. फेरीवरून परतताना मास्तर भेटले आणि सोबत चालू लागले. मी धीर करून विचारले, की अक्कांचे बोलणे पटूनही तुम्ही वार का बदलले नाहीत? मास्तर म्हणाले, शिकत असताना ते चार वर्षे एकाच घरी राहिले होते. सातही दिवस. चांगली माणसे होती. एका सकाळी भिंतीपलीकडून त्या घरच्या बाईंचा आवाज त्यांनी ऐकला: "हा अजून किती दिवस?" बस, एवढेच. ओरडून नव्हे, थकून विचारले होते. ते म्हणाले, "त्या दिवसापासून मी कोणाच्या घरात बसू शकलो नाही. माझ्या कुठल्या मुलाला ते ऐकायला लागू नये. एका दिवसात कोणी कंटाळत नाही हो."

पुढे मला यशवंतपूरच्या बाजूला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. लग्न झाले, क्वार्टर मिळाले. मास्तरांनी किट्टूबरोबर निरोप पाठवला: जूनमध्ये कनकपुऱ्याहून एक मुलगा येतोय, फार गप्प आहे, तुमच्या घरचा बुधवार द्याल का? मी दोन दिवस विचार केला. समोर जाऊन बोलायचा धीर झाला नाही. म्हणून त्याच शहरातून त्याच शहरात पत्र टाकले. ते इथे जसेच्या तसे देतो.

तीर्थरूप मास्तर यांस शिरसाष्टांग नमस्कार.

किट्टूने निरोप दिला. आपण मला मागितलेली ही पहिली गोष्ट आहे आणि मी ती देणार नाही. रागावू नये. पुढे वाचावे.

बुधवार देणार नाही. त्या मुलाला तक्त्यावर लिहू नका. त्याला ट्रंक आणि वळकटीसकट आमच्याकडे पाठवा. तो सातही दिवस इथेच जेवेल आणि इथेच राहील. दोन खोल्या आहेत. त्याच्यासाठी खिडकीजवळची जागा केली आहे. हे माझ्या एकट्याचे म्हणणे नाही. सौभाग्यवतीला मी सगळे सांगितले. गुरुवारच्या आजोबांचे आणि केरेच्या बांधाचेही. ती म्हणाली, मग बुधवारी जेवून गेला की गुरुवारी मला त्याची काळजी लागणार, त्यापेक्षा इथेच असू दे.

आपण म्हणाल, कंटाळाल. हो, मास्तर, कंटाळू. तिच्याही तोंडून कधीतरी तो शब्द जाईल जो आपण ऐकलात. आमच्या भिंती पातळ आहेत, त्यामुळे तो ऐकेलही. पण मास्तर, मला सात घरांत कोणी कधी कंटाळले नाही, आणि मी तीन आठवडे जेवलो नाही तेही कोणाला कळले नाही. आम्हांला कंटाळू द्या. त्यालाही आमचा कंटाळा येऊ दे. तो रुसून न जेवता राहिला तर सकाळी कळेल, सकाळी नाही कळले तर संध्याकाळी कळेल. त्या बाईंनी तसे विचारले त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्याला वाढले होते की नाही, हे आपण मला सांगितले नाहीत. वाढले असणार असे मला वाटते.

आपण माझ्यासाठी एका दिवसात दोनदा भात टाकलात. त्या दिवशी मी आलो नाही, त्याची क्षमा मी आजवर मागितली नव्हती. ती आज मागतो.

रविवारी मुलाला घेऊन आपण स्वतः यावे. आत येऊन बसावे.

आपला,
आनेकलचा

ता. क. मुलाला काय आवडत नाही, ते येण्याआधी त्याच्या आईला विचारून कळवावे. तो इथे येऊन सांगणार नाही. मला पडवळ आवडत नाही, हे मी दीड वर्ष सात घरांत आणि आपल्या हजेरीत कोणालाही सांगितले नव्हते.